नववीची फी

आमची लेक आरटीईतून खासगी इंग्रजी शाळेत शिकली. 2009 च्या कायद्यातल्या त्या 25 टक्के जागा आठवीपर्यंतच मोफत असतात, हे नववीच्या फीचा आकडा पाहिल्यावर उमगले. तिचे अब्बा चाकणला कंत्राटी कामगार. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत नाव घातले. पहिल्या दिवशी ती रडली, मीही खजील झाले.

विज्ञानात 'त्वरण' शब्द अडला. रात्रपाळीहून आलेल्या अब्बांनी कंपनीची बस सिग्नलवरून कसा वेग घेते ते सांगितले. "अब्बा, तुम्हाला येतं?" ती चकित झाली. त्यांचीही दहावी मराठीतूनच झालेली.

भगिनींनो, नववीची तजवीज सहावीतच करा. आणि शाळा बदलली म्हणून मान खाली घालू नका.