कालच्या विषाणूचा बंदोबस्त

एचआयव्हीची नेहमीची झटपट तपासणी विषाणू शोधतच नाही, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं! घाटी रुग्णालयावरून रोजचं जाणं-येणं, आत एचआयव्हीच्या औषधोपचाराचं एआरटी केंद्र आहे हेही ठाऊक, पण सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी भाची सहज म्हणाली, “मामा, पॉझिटिव्ह म्हणजे रक्तात प्रतिपिंडं सापडली.” प्रतिपिंडं? ती तर आपल्या बाजूची! गोवर होऊन गेला की तीच आयुष्यभर राखण करतात. मग इथं ती असूनही माणूस खंगतो कसा?

तेव्हापासून दिसेल ते वाचतोय. २००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काय दाखवलं, बघा. रुग्णाच्या आजच्या रक्तद्रवात त्याचाच काही महिन्यांपूर्वीचा विषाणू सोडला, तर तो निष्प्रभ होतो. आजचा सोडला, तर ढिम्म! म्हणजे शरीर आळशी नाहीच. ते नेमकी प्रतिपिंडं घडवतं. तोवर विषाणूनं आपल्या आवरणावरची साखरेची झूल इकडची तिकडे केलेली असते. पुन्हा नवी प्रतिपिंडं, पुन्हा नवं सोंग. हे वर्षानुवर्षं चालतं, आणि औषध नसेल तर शरीराच्या बचावाच्या सीडी-४ पेशी घटत जातात.

आणि असं संशोधन आपल्या पुण्यातही झालंय! भोसरीच्या ‘नारी’ या एड्स संशोधन संस्थेत राजेश रिंगे, जयंत भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी नुकतीच लागण झालेल्या, औषधं सुरू न झालेल्या भारतीय रुग्णांकडून वेगवेगळ्या वेळी विषाणूची आवरणं मिळवली आणि ती त्यांच्याच प्रतिपिंडांना किती दाद देतात ते तपासलं. २०१० चा शोधनिबंध. विषाणू आपल्याकडचाच, ‘सी’ उपप्रकाराचा.

मग सोंग बदलता येणारच नाही अशी एखादी जागा? आहे की! आपला देवगिरी आठवा. तट कसेही फिरवा, खंदकावरून आत जायची वाट ठेवावीच लागते. नाहीतर धन्यालाच आत जाता यायचं नाही. पेशीत शिरायला तिच्यावरच्या सीडी-४ ला चिकटायची जागा विषाणूला तशीच जपावी लागते. २०१० मध्ये जाहीर झालेलं व्हीआरसी०१ हे प्रतिपिंड नेमकं तिथंच जाऊन बसतं आणि नाना देशांतले विषाणू अडवतं. अशी व्यापक ताकद लागणीनंतर दोन-चार वर्षांनी काही थोड्यांच्याच रक्तात येते. पण ज्याच्या रक्तात येते, त्याचा स्वतःचा विषाणू बहुधा तोवर निसटलेला असतो. काय हा उफराटा न्याय! व्हीआरसी०१ सलाईनमधून निरोगी लोकांना देऊनही पाहिलं. २०२१ चा निकाल असा, की एकूण लागण फारशी रोखली नाही. त्याला दबणाऱ्या वाणांची लागण मात्र सुमारे ७५ टक्क्यांनी कमी.

काल रात्री तर आणखी एक निबंध हाती लागला. दिल्लीच्या ‘एम्स’चा, २०१९ चा. ‘सी’ उपप्रकाराचीच लागण झालेल्या एका मुलाच्या रक्तातलं प्रतिपिंड. आणि ते त्या मुलाच्या त्याच वेळच्या विषाणूलाही आवरतं! भाचीला तेव्हाच फोन लावला. साडेअकरा वाजले होते, पण उचलला तिनं.