सिलोनमामांचे स्टेशन

आमच्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक काळी ट्रंक आहे. तिच्या झाकणावर पांढऱ्या तैलरंगाने मालकाचे नाव घातलेले होते, ते आता जवळजवळ पुसून गेले आहे. परंतु त्याखालचे ‘धनुष्कोडी मार्गे’ हे शब्द अद्याप वाचता येतात. ही ट्रंक सिलोनमामांची. ते आमच्या आजीचे धाकटे बंधू, म्हणजे आईचे मामा. खानापूर तालुक्यातील आमच्या गावाहून ते तरुणपणीच कोलंबोस गेले व तेथे एका मोठ्या घरी स्वयंपाकी म्हणून राहिले. दोन-तीन वर्षांनी एकदा ते नाताळास गावी येत, तेव्हा या ट्रंकेतून चहा, दालचिनी आणि मुलांसाठी खाऊ निघे.

१९६४ च्या नाताळास त्यांचे येणे ठरले होते. तसे पत्र आले होते. आजीने त्यांच्यासाठी नेवऱ्या वेगळ्या काढून ठेविल्या होत्या. मामा आले नाहीत. आली ती वर्तमानपत्रातील बातमी, की धनुष्कोडी समुद्राने गिळली. जानेवारी सरता सरता कोलंबोहून दोन ओळींचे कार्ड आले तेव्हा कोठे ते जिवंत असल्याचे कळले. त्यानंतर ते कधीच आले नाहीत. दर नाताळास पत्र येई, त्यात ‘पुढील वर्षी येतो’ असे असे, आणि १९७१ नंतर पत्रेही थांबली. ट्रंक मागील खेपेस येथेच राहिली होती, ती राहिलीच. आजी म्हणे, “त्याची वाटच बुडाली, तो तरी काय करणार!” आमच्या घरात या वाक्यावर कोणी कधी प्रश्न विचारला नाही.

२०२४ च्या जानेवारीत आम्ही दोघे भावंडे ती बुडालेली वाट पाहावयास गेलो. पांबनचा जुना रेल्वेपूल त्या वेळी बंद होता, म्हणून रस्त्याच्या पुलावरून मोटारीने बेटावर उतरलो. खाली हिरवट पाणी, शेजारी तो जुना पूल. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी तो सुरू झाला, आणि त्याचा मधला भाग, जहाज आले की दोन बाजूंनी उचलला जाई. नवा पूल पुढे एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. त्याचा मधला भाग दुभंगत नाही, सरळ वर जातो.

पूल झाला आणि धनुष्कोडीचे भाग्य उघडले. त्यापूर्वी कोलंबोचा प्रवासी मद्रासहून तुतिकोरीनला जाई व तेथून लांबचा समुद्रप्रवास करी. १९१४ पासून बोट मेल मद्रासच्या एग्मोर स्टेशनातून निघून थेट धनुष्कोडीच्या धक्क्याशी येऊ लागली. तेथून तलैमन्नार अवघे वीस-बावीस मैल. पलीकडे सिलोन सरकारची गाडी उभी असे. मद्रास ते कोलंबो एकच तिकीट! एका वाळूच्या दांड्यावरील लहानशा मीटरगेज स्टेशनात जकात कचेरी, टपाल कचेरी, रेल्वेचे इस्पितळ, शाळा, उतारूंसाठी निवारा असे सारे होते. काशीयात्रा करणारे आपले लोकही तेथे सेतुस्नानास येत व तेथली वाळू प्रयागास नेत. त्याच वाटेने चहाच्या मळ्यांचे हजारो तमिळ मजूर गेले. त्यांना आधी मंडपमच्या छावणीत काही दिवस अडकवून ठेवीत, देवी टोचीत आणि मगच पुढे सोडीत. बोट मेलच्या वरच्या वर्गाची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. या छावणीची त्या मानाने थोडी. आमचे मामा स्वयंपाकी, तेव्हा ते या दोहोंच्या मधले कोणी असावेत.

वादळ डिसेंबरच्या मध्यास अंदमानच्या दक्षिणेस उठले. २२ तारखेस ते सिलोनचा उत्तर भाग ओलांडून आले आणि त्या रात्री धनुष्कोडीवर कोसळले. पांबनहून धनुष्कोडीस जाणारी ६५३ क्रमांकाची पॅसेंजर रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी सुटली होती. तीत सहा डबे, ११० उतारू व पाच रेल्वे कर्मचारी होते. स्टेशन काही अंतरावर राहिले असता सिग्नल मिळेना. काळोख, पाऊस, वारा. ड्रायव्हरने काही वेळ वाट पाहिली, लांब शिटी दिली आणि गाडी तशीच पुढे काढली. त्याच वेळी समुद्राची भिंत आली. गाडीतील कोणीही वाचले नाही. साऱ्या वादळात मिळून सुमारे १,८०० माणसे गेली असे सांगतात. आम्ही हे वाचलेले होते, तरी तेथे उभे राहून ती शिटी मनात ऐकणे निराळे. थांबून तरी तो कोठे थांबणार होता? दोन्ही बाजूंना समुद्रच होता.

मद्रास सरकारने पुढे धनुष्कोडी वस्तीस अयोग्य ठरविली. पांबनच्या पुलाचे शंभरांहून अधिक गर्डर वाहून गेले होते. उचलला जाणारा मधला भाग तेवढा टिकला. ई. श्रीधरन या तरुण इंजिनियराने मच्छीमारांच्या सांगण्यावरून समुद्रतळाचे गर्डर शोधून वर काढविले आणि ४६ दिवसांत पूल उभा केला. हेच गृहस्थ पुढे कोकण रेल्वेमुळे आपल्याकडे घरोघर ठाऊक झाले. गाड्या पुन्हा रामेश्वरमला जाऊ लागल्या. धनुष्कोडीचा फाटा मात्र सोडून दिला.

स्टेशनचे म्हणून जे दाखवितात ते थोडेच आहे: पाण्याच्या टाकीचा चौथरा, दोन-तीन भिंती, वाळूत अर्धवट गाडलेल्या कमानी. रूळ नाहीत. जवळच चर्चचे अवशेष आहेत. समुद्रातील प्रवाळाच्या दगडांनी ते बांधलेले होते. छप्पर नाही, पण वेदीमागची भिंत उभी आहे. या दगडांना भोके असतात, त्यांतून वारा शिरतो व बारीक आवाज होतो. आम्ही तेथे गुडघे टेकून मृतांसाठी एक ‘आमच्या बापा’ म्हटले. पर्यटकांची गर्दी होती. एक मुलगा फोटो काढता काढता थांबला आणि बाजूस झाला.

पलीकडे मच्छीमारांच्या झोपड्या होत्या. सरकार काही म्हणो, मासे जेथे तेथे ते. वाळूत हातभर खणून त्यांनी लहान विहिरी केल्या आहेत, आणि खाऱ्या पाण्यापासून काही पावलांवर त्यांत गोडे पाणी लागते. आमच्या मोटारीच्या चालकास हिंदी येत होते. त्याच्या मदतीने आम्ही एका वृद्ध कोळ्याशी बोललो आणि सिलोनमामांची हकिगत सांगितली. वाट बुडाल्यामुळे त्यांना येता आले नाही, असे म्हणालो.

त्याने काही वेळ आमच्याकडे पाहिले व चालकास काही सांगितले. चालक म्हणाला, “बाबा विचारतात, का नाही आले? बोट तर होती.”

ते खरे होते. धक्का गेला, तरी बोट गेली नव्हती. पुढे ती रामेश्वरमहून तलैमन्नारला जाऊ लागली आणि १९८४ पर्यंत चालली. वादळाच्या आधी दोन महिन्यांपूर्वीच, ३० ऑक्टोबर १९६४ रोजी, लालबहादूर शास्त्री व सिरिमावो बंदरनायके यांचा करार झाला होता. त्यानुसार सिलोनमधील ५,२५,००० भारतीय वंशाच्या लोकांना भारताने घ्यावयाचे होते. ज्यांनी भारत कधी पाहिला नव्हता अशी मळ्यांवरची कुटुंबेच्या कुटुंबे त्याच बोटीने गाठोडी घेऊन उतरली. त्यांना वाट सापडली. आमच्या मामांना सापडली नाही.

परतीच्या प्रवासात आम्ही याविषयी फारसे बोललो नाही. तेथे त्यांचा दुसरा संसार असेल. पैसा साठला नसेल, रिकाम्या हाताने यावयास लाज वाटली असेल. कदाचित त्या डिसेंबरात ते निघालेच नसतील. आजीस बोटीचे ठाऊक नव्हते, असेही आता वाटत नाही. ती रोज वर्तमानपत्र वाचून घेत असे.

घरी पोचलो तेव्हा आई ओसरीवर बसली होती. ती १९६४ साली बारा वर्षांची होती आणि मामांची फार लाडकी.

“पाहिलंत का रे स्टेशन?” तिने विचारले. “रूळ आहेत का तिथं?”

“नाहीत गं. एकही नाही.”

“मग कसे येणार होते ते,” आई म्हणाली, आणि आमच्यासाठी चहा टाकावयास उठली.