लांब पल्ल्याची लेन्स

पक्ष्यांचीं छायाचित्रें घेण्याचा छंद आम्हांस लागला तो उजनीच्या पाण्यावर. भीमेवरील या धरणाचें पाणी भिगवणजवळ उथळ होऊन दूरवर पसरतें, आणि हिवाळ्यांत तेथें रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. आमच्यापाशीं निकॉनचा एक साधा कॅमेरा व त्याच्याबरोबर आलेली १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स, एवढीच सामग्री होती. पहिल्या चित्रांत पाणी पुष्कळ, आकाश पुष्कळ, आणि मध्यें खडूच्या भुकटीसारखे कांहीं ठिपके! ते ठिपके म्हणजेच रोहित, हें घरीं शपथेवर सांगावें लागलें.

मग आम्हीं नावाड्यास होडी पुढें घ्यावयास सांगितलें. "सर, लई जवळ नको. उडत्याल," तो म्हणाला. आम्हीं ऐकिलें नाहीं. माना खालीं घालून चिखलपाण्यांत चरत असलेला तो सारा थवा एकाएकीं उठला व दूर पलीकडच्या तीरास गेला. सकाळचें त्यांचें खाणें आम्हीं मोडलें होतें, आणि चित्र तें हललेलेंच आलें. नावाडी कांहीं बोलला नाहीं, हें आम्हांस अधिक लागलें.

लेन्स लांब हवी हें त्या दिवशीं ठरलें. पुंजी मात्र चाळीस हजारांचीच होती. एका स्नेह्यानें आपली ५०० मिलिमीटरची आरशाची लेन्स आठवडाभर वापरावयास दिली. आंत आरसे असल्यामुळें ती आखूड, हलकी, आणि किंमतहि फार थोडी. परंतु तिचें छिद्र एफ ८ वर कायमचें, फोकस हातानेंच करावयाचा, आणि मागें चमकतें पाणी असलें कीं प्रत्येक चमकेचें एक कडें उमटे. रोहित जणू मेदुवड्यांच्या परातींत उभा आहे, असें धाकट्यानें सांगितलें!

टॅमरॉन व सिग्मा यांच्या १५० ते ६०० मिलिमीटरच्या लेन्सा मनांत भरल्या होत्या. वजन सुमारें दोन किलो; जुनी घेतली तरी किंमत आवांक्याबाहेर. दुकानदार हप्त्यांची गोष्ट काढूं लागला. मुलांनो, ज्या घरांत फीचे हप्ते आधींच चालूं आहेत, तेथें रोहितांचे हप्ते कोणत्या तोंडानें मागावे?

शेवटीं निकॉनचीच ७० ते ३०० मिलिमीटरची, हाताची थरथर सांवरणारी जुनी लेन्स पाहिली. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान; त्यामुळें ३०० मिलिमीटरवर दिसणारें क्षेत्र मोठ्या सेन्सरवरील ४५० इतकें अरुंद होतें. हा लाभ फुकटचा. दुकानांत अशा दोन होत्या. पहिली बाहेरून नवीकोरी. पण विजेरीचा झोत आंत सोडतांच भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू दिसले. पावसाळ्यांत बंद कपाटांत ठेवलेल्या लेन्सेची अशी गत होते. दुसरी ओरखडे पडलेली, परंतु आंतून स्वच्छ. तीच घेतली. पूर्ण लांबीवर तिचें चित्र किंचित् मऊ येतें. छिद्र एफ ८ केलें म्हणजे पुष्कळ सुधारतें.

पुढच्या जानेवारींत पुन्हां तोच नावाडी. या खेपेस होडी कोठें थांबवावयाची तें आम्हीं त्यालाच विचारिलें. त्यानें ती पुष्कळ अलीकडे उभी केली. दीड तास गेला, चहा निवाला, पाय आंखडले. मग चरतां चरतां चार रोहित आपण होऊनच आमच्या बाजूस सरकले. चित्रांत त्यांतील एक चौकटीचा जेमतेम चौथा भाग व्यापतो. पण चोंचीचें काळें टोंक स्पष्ट आहे, आणि मान खालींच आहे. नावाड्यानें कॅमेऱ्याच्या पाठीवर तें निरखून पाहिलें, आणि आवाज न करतां वल्हें पाण्यांत सोडलें.