आधी दोन डोळ्यांची, मग एका डोळ्याची

शेतकऱ्याला आकाश नवे नाही. रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावे आपल्याला पेरणीपायी तोंडपाठ असतात. पण मृगाच्या पावसाची वाट पाहणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी आकाशातले मृग नक्षत्र मुलांना बोट करून दाखवले असेल? मीही दाखवले नव्हते.

त्या रब्बीला आमच्याकडे रात्रीची वीज होती. गव्हाला पाणी द्यायला निघालो की आठवीतली मुलगी हट्टाने बरोबर यायची आणि बांधावर बसून वर बघत राहायची. तिची ओढ पाहून, कापसाचे पैसे आल्यावर, जाहिरात वाचून मी एक लहान दुर्बीण मागवली. खोक्यावर शनीचे रंगीत चित्र होते आणि '500 पट मोठे दिसेल' असे छापले होते.

महिनाभर आमची धडपड चालली. तिपाई लटपटायची, हात लागला की चांदणी नाचायची. एखादी सापडलीच, तर मिनिट-दोन मिनिटांत निसटून जायची. शेवटी पोर म्हणाली, "राहू द्या अण्णा, मला नाही जमत." दुर्बीण माळ्यावर गेली. पैसे गेले त्याचे एवढे नाही, पण दोष आपलाच, असे तिने मनाशी धरले, ते मला लागले.

पौषात तिचे मामा आले. फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्या पिशवीत दोन डोळ्यांची दुर्बीण होती, 10×50 ची. म्हणजे 10 पट मोठे दाखवणारी, आणि पुढचे भिंग 50 मिलिमीटरचे. त्यांनी अंगणातला दिवा घालवला, बाज टाकली, मुलीला उताणे निजवले आणि पंधरा-वीस मिनिटे डोळे अंधाराला सरावू दिले. मग म्हणाले, "आता कृत्तिका बघ."

नुसत्या डोळ्यांनी सहा-सात दिसणाऱ्या कृत्तिकांच्या जागी तीस-चाळीस चांदण्या उजळल्या. पोर ओरडलीच, "अण्णा, एवढ्या!" मग मृगाच्या तीन ताऱ्यांखालचा धुरकट ठिपका दिसला. तिथे वायूच्या ढगातून नवे तारे जन्मतात, असे मामांनी सांगितले. गुरूच्या बाजूचे बारीक ठिपके म्हणजे त्याचे चंद्र. गॅलिलिओने 1610 साली पाहिले, तेच. त्यासाठी मात्र हात स्थिर हवा, म्हणून तिने कोपर भिंतीला टेकवले.

असे का झाले? 10 पटीच्या दुर्बिणीत पूर्णचंद्र शेजारी शेजारी मांडले तर दहा-बारा मावतील एवढे आकाश दिसते. 100 पटीला जेमतेम एक मावतो. त्यात पृथ्वी फिरते आहे, तारा सरकणारच. शिवाय पुढचे भिंग जितक्या मिलिमीटरचे, त्याच्या दुपटीपर्यंतच पट कामाची. आमची दुर्बीण 60 ची, म्हणजे 120 पट. पुढे नुसता धूसरपणा. 500 हा आकडा गिऱ्हाइकासाठी होता.

तेव्हा वाचकहो, घरात असा छंद लागला तर पहिली खरेदी दोन डोळ्यांच्या दुर्बिणीची करा. 7×50 किंवा 10×50 घ्या. पट कमी-जास्त करणारी नको. दोन्ही डोळ्यांना मिळून एकच चित्र दिसते ना, हे दुकानातच पाहा. पुढे आकाश कंटाळवाणे वाटले तरी बांधावरचे पक्षी बघायला ती कामी येतेच. पावसाळ्यात ती कोरडी ठेवा, नाहीतर भिंगाला बुरशी धरते. आणि कोणतीही दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नका. डोळा कायमचा जातो.

मग एका डोळ्याची दुर्बीण वाईट का? नाही. वर्षभराने मुलीनेच ती माळ्यावरून काढली. तिपाईच्या मध्यावर वाळूची पिशवी टांगली, डोळ्याकडचे 20 आकड्याचे भिंग लावले. पट कमी, पण चित्र स्वच्छ. कुठे बघायचे हे तिला आता ठाऊक होते. शनी सापडला, आणि त्याची कडी दिसली. दोन डोळ्यांच्या दुर्बिणीत ती सुटी दिसत नाही.

"अण्णा, लवकर या, सरकतोय!" तिने हाक मारली. बारे भरायचे सोडून मी धावलो.