शंभर डॉलरची वाट

जाहिरातींवर चालणारी वेबसाइट हा तसा जुनाच व्यवहार. मासिकेही जाहिरातींवरच निघतात. फरक एवढाच, की संपादक जाहिरातदाराला ओळखतो; इथे आपल्या पानावर कुणाची पाटी लागेल हे गुगलचे यंत्र ठरवते. त्यांची अ‍ॅडसेन्स योजना २००३ साली आली. हिंदीला तिथे २०१४ मध्ये जागा मिळाली, मराठीला त्यानंतर.

आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरातले पदार्थ मराठीत लिहून ठेवावेत, म्हणून मी साइट काढली. खात्यात दहा डॉलर जमले की पोस्टाने पिन येतो, पत्त्याची खात्री होते. पैसा मात्र शंभर डॉलर भरल्याशिवाय हाती येत नाही.

अम्मीला पान दाखवले. ती म्हणाली, “सांदण माझं, आणि खाली हे कर्ज कुणाचं?”

कृतीखाली व्याजी कर्जाची जाहिरात होती. नको ते वर्ग बंद करण्याची सोय साइटवाल्याला असते. मी कर्जाचा वर्ग बंद केला. कर्जवाले भाव चांगला देतात, त्यामुळे कमाई घटली.

बरकत आकड्यात नसते, असे म्हणून मी मनाची समजूत घालत नाही. विजेचे बिल आकड्यातच येते. पण अब्बांची हयात सावकाराचे व्याज फेडण्यात गेली. त्यांच्या घरची चव कर्जाच्या दारातली पायरी होऊ नये, एवढे माझ्या हाती आहे. शंभर डॉलरला आणखी काही महिने लागतील. लागोत.