मोरीत ओतलेला चीक

पेणला आमच्या शेजारची गाय व्याली की चिकाचे दूध आमच्याकडे येतेच. 2017 च्या पावसाळ्यात भाचीच्या बाळंतपणाची बातमी कळली, तेव्हा तेच दूध बरोबर घेऊन आम्ही दोघे रोह्याला ताईंकडे निघालो. भाचीला खरवस आवडतो. पहिल्या खेपेला ती माहेरी आलेली. तिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या आणि सव्वा किलोचा मुलगा झाला. त्याच रात्री त्याला रुग्णवाहिकेने मुंबईला हलवले. जावई बाळाबरोबर गेले, भाची मागे राहिली. ‘सातमाशी जगते, आठमाशी जगत नाही’ असा धीर भेटायला येणारा प्रत्येकजण देत होता.

तिसऱ्या दिवशी भाचीची छाती दाटून आली. ताईंनी वाटीत चीक पिळून घेतला आणि मोरीत ओतला. पहिले दूध जड, बाधते. शिवाय प्यायला बाळ आहे कुठे? शेजारी चुलीवर आमच्या चिकाचा खरवस वाफेवर शिजत होता. गाईचा चीक पौष्टिक आणि लेकीचा बाधक! आम्ही पाहिले आणि गप्प राहिलो. वर्गात वात्सल्यरस शिकवणारे आम्ही. पण बाळंतिणीच्या खोलीत ताईंचा शब्द अखेरचा, अशी समजूत घालून घेतली.

संध्याकाळी जावयांचा फोन आला. डॉक्टर विचारत होते, आईचे दूध अजून का आले नाही? थेंबभर असले तरी उकळलेल्या डबीत, बर्फात ठेवून आणा.

गर्भाला आईची प्रतिद्रव्ये वारेतून मिळतात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. हे मूल ती पुरेशी मिळण्याआधीच बाहेर आलेले. आतडे कोवळे, कातडी पातळ. अशा मुलांच्या आतड्याला सूज येऊन त्याचा भाग सडू शकतो आणि जंतू रक्तात शिरतात. आईच्या दुधाने तो धोका पुष्कळ कमी होतो. चिकात तर संरक्षक द्रव्ये सर्वाधिक. 1989 मध्ये शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती अशाच मुलांसाठी. दान केलेले दूध 62.5 अंश सेल्सियसला अर्धा तास तापवतात. त्यात जंतू मरतात, पण काही संरक्षक गुणही उणावतात. म्हणून पहिला मान आईच्याच दुधाचा. वरच्या दुधाशी तुलना केली तर मात्र पेढीचे दूध केव्हाही उजवे.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाचीला घेऊन आम्ही मुंबईला गेलो. ताईंनी घरातले चांदीचे बोंडले बरोबर घेतले होते. भाचीसुद्धा त्यातूनच दूध प्यायली होती. परिचारिकेने ते हातात घेऊन पाहिले, चोचीच्या आत बोट जात नाही म्हणाली आणि परत दिले. जिथे घासता येत नाही तिथे जंतू राहतात. ताईंनी बांगड्या उतरवल्या, कोपरापर्यंत हात धुतले आणि नंतरचे पाच आठवडे वाटी-चमचा स्वतः उकळला. एरवी कुणाचे न ऐकणाऱ्या ताई त्या मुलीचे मुकाट्याने ऐकत होत्या.

सहाव्या दिवशी बाळाचे पोट फुगले. दूध थांबवले, प्रतिजैविके सुरू झाली. चार दिवस काचेच्या पेटीकडे पाहत काढले. मग नळीतून पुन्हा एकेक मिलिलिटर दूध जाऊ लागले. पहिला चीक पोटात गेला असता तर हे टळले असते, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. आम्हीही विचारले नाही.

मुलगा आता शाळेत जातो. त्या दिवशी मोरीपाशी आम्ही उभे होतो, हे भाचीला अजून सांगितलेले नाही.