वसईच्या भिंतींना नवा रंग

वसईचा किल्ला पाहावा तो श्रावणात. एरवी तिथे नुसते दगड. पाऊस लागला की त्यांना शेवाळ्याचा मखमली अंगरखा चढतो आणि हौशी छायाचित्रकारांची झुंबड उडते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांनी वसई घेतली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. इथल्या घंटा नाशिकला नि भीमाशंकरला गेल्या. चर्चचे मनोरे तेवढे मागे उरले.

ही मंडळी घरी जाऊन संगणकावर आपल्या चित्रांना रंग चढवतात. शेवाळे पोपटी होते, आकाश मोरपंखी, आणि गिलाव्यावरचा फिकट तांबूस डाग थेट शेंदरी! डोळे सुखावतात, खोटे कशाला बोला? पडक्या भिंतीकडे ढुंकूनही न पाहणारा गृहस्थ या चित्रापाशी थबकतो, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर पोर्तुगीज अक्षरे, घराण्यांची चिन्हे. पायांखाली झिजून ती इतकी उथळ झाली आहेत की तिरप्या उन्हातच नीट लागतात. रंग नि उठाव भडक केला की नेमक्या त्या बारीक सावल्या काळ्या डागात बुडतात. शिळा चकाकते, नाव जाते. निदान एक चित्र तरी जसेच्या तसे जपून ठेवावे. दगड काही झिजायचा थांबत नाही.

जायचे तर सकाळी लवकर जावे. आणि त्या शिळांवरून चालण्याऐवजी कडेने गेलेले बरे.